‘शुभकाळ’ कधीचाच येऊन गेला : इंग्रजी शिकवण्याचा हक्क कोणाचा?

१/
लालबागच्या एखाद्या तरुणाने इंग्रजी साहित्यात एम.ए. केले, वर बी.एड. केले आणि चार वर्षे परदेशात राहून इंग्रजी शिकवावी, जग पाहावे असे ठरवले, तर पहिल्याच जाहिरातीत त्याला एक अट आडवी येते : उमेदवाराची मातृभाषा इंग्रजी असावी. पदवी नंतर, अनुभव नंतर, जन्म आधी. या अटीला शास्त्राचा आधार असल्याचे भासवले जाते. प्रत्यक्षात तिच्या मुळाशी एक खोटा इतिहास आहे, आणि गिरगाव-परळ-दादरने तो केव्हाच खोटा पाडला आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/
आधी अट किती पक्की आहे ते पाहावे. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाला ‘ई-२’ नावाचा व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या देशांच्या नागरिकाला पदवी कोणत्याही विषयातली चालते. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार २०१० साली अमलात आला, तेव्हा भारतीयांना एक अरुंद वाट मिळाली. तीही इंग्रजीच्या ‘सहाय्यक’ शिक्षकाची. हा ‘सहाय्यक’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. १८३४ सालच्या मुंबईत तो पुन्हा भेटणार आहे.

३/
या अटीला बळ देणाऱ्या दोन कथा आपल्याकडे चालतात. पहिली : साहेब आला, त्याने शाळा काढल्या, आपल्याला शहाणे केले. दुसरी : मॅकॉले आला, त्याने इंग्रजी लादली, आपल्याला गुलाम केले. दोन्ही कथा सांगणारे एकमेकांचे कट्टर वैरी असतात. पण दोन्ही कथांत इथला माणूस मातीच्या गोळ्यासारखा निमूट बसलेला आहे आणि जे काही करतो ते साहेबच करतो. मुंबईची कागदपत्रे वेगळे सांगतात.

४/
मॅकॉलेचे प्रसिद्ध टिपण १८३५ सालचे, तेही कलकत्त्यातले. मुंबईत त्याच्या आठ वर्षे आधी, १८२७ साली, गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले तेव्हा शहरातल्या प्रतिष्ठितांनी सभा भरवून त्यांच्या नावे इंग्रजी भाषा आणि युरोपातल्या विद्या शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी निधी उभारला. जमलेली रक्कम सव्वादोन लाख रुपयांहून अधिक होती. १८२७ सालचे सव्वादोन लाख! लादलेल्या वस्तूसाठी कोणी स्वतःच्या थैलीतून एवढे पैसे काढून देत नाही.

५/
मात्र याच ठरावात एक वाक्य असे होते की पुढच्या दोनशे वर्षांचा रोग त्यात दिसतो. प्राध्यापक ब्रिटनमधून आणावेत, आणि इथले लोक त्या जागांसाठी पूर्णपणे लायक होतील त्या शुभकाळापर्यंत ही व्यवस्था चालू राहावी, असा त्याचा आशय होता. पैसा इथला, विद्यार्थी इथले, गरज इथली. लायकीचा दाखला मात्र तिकडून यायचा. तो शुभकाळ कधी उगवणार हे ठरवणार कोण, याविषयी ठराव मुका आहे.

६/
गोऱ्या शिक्षकांकडे वळण्याआधी थोडे मागे, १८१३ मध्ये, जाऊ. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोन अमेरिकी तरुण मुंबईत उतरले : २८ वर्षांचे गॉर्डन हॉल आणि २४ वर्षांचे सॅम्युएल नॉट. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्याकडे व्हिसा नव्हता. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्यातून निघून जाण्यास सांगितले होते. त्यातच ब्रिटन आणि अमेरिका यांचे युद्ध पेटलेले, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. मुंबई सरकारनेही त्यांना परत पाठवण्याचा हुकूम काढला. ते कोचीनकडे निसटले, तिथून परत आणले गेले. अखेर १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि त्यांना राहता आले.

७/
परक्या मुलखात, कागदपत्रांविना, पोटापाण्याची चिंता घेऊन आलेल्या या तरुणांनी पहिले काम कोणते केले? मराठी शिकण्याचे. त्यांच्या मिशनने काढलेल्या मुलांच्या शाळा मराठीत चालत आणि तिथे शिकवायला बहुधा इथलेच हिंदू पंतोजी असत. १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघाली. १८२४ साली मुलींची शाळा निघाली. १८२६ साली ‘नवा करार’ मराठीत पुरा झाला, आणि त्याच वर्षी नाशिककडून परतताना हॉल पटकीने वाटेतच वारले.

८/
त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे झाकण्याचे कारण नाही. त्यापायी पुढे मुंबईत मोठे वादंग झाले. पण त्यांना शिक्षक म्हणून जे काही साधले, ते इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पोटी जन्मल्यामुळे साधलेले नाही. आधी ते विद्यार्थी झाले. १८२९ साली आलेल्या २४ वर्षांच्या जॉन विल्सन यांचेही तेच. मुंबईत इंग्रजी शाळा काढण्याआधी ते कोकणात हर्णैला जाऊन मराठी शिकले. १८३२ साली त्यांनी काढलेल्या शाळेचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. गिरगाव चौपाटीसमोरची त्याची इमारत १८८९ सालची.

९/
१८२७ च्या डिसेंबरात आलेल्या सिंथिया फॅरार यांचे नावही इथे घ्यायला हवे. अविवाहित अमेरिकी स्त्रीला मिशनने परदेशी धाडावे ही तेव्हा जवळपास न ऐकलेली गोष्ट. त्यांनी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा सांभाळल्या, अखेरपर्यंत याच देशात राहिल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. नगरची त्यांची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती. असे शिक्षक आणि वर्षभराच्या करारावर येऊन, इथल्या भाषेचे चार शब्दही न शिकता विमानतळ गाठणारे ‘मातृभाषिक’ शिक्षक यांना एकाच तागडीत घालणे हा पहिल्यांचा अपमान आहे.

१०/
आता एल्फिन्स्टन. ठरावाप्रमाणे ब्रिटनमधून दोन प्राध्यापक आले, ऑर्लिबार आणि हार्कनेस. ते मुंबईत पोचले १८३५ साली. पण त्याआधीच, १८३४ मध्ये, एका मराठी तरुणाची तिथे नेमणूक झाली होती. सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. वय विशीच्या उंबरठ्यावरचे. पद : सहाय्यक प्राध्यापक.

११/
हा ‘सहाय्यक’ कोण होता? ६ जानेवारी १८३२ रोजी त्याने ‘दर्पण’ सुरू केले होते. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. म्हणजे हा तरुण दोन्ही भाषांत संपादकीय लिहीत होता, आणि साहेबाला साहेबाच्याच भाषेत इथले मत वाचायला लावत होता. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही पुढे त्याच्याकडे आले. १८४५ साली त्याने ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. १८४६ मध्ये, पस्तिशीही गाठण्याआधी, तो गेला. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड त्याच्या विद्यार्थ्यांतले.

१२/
सहाय्यकाच्या हाताखालून असे विद्यार्थी निघत असतील, तर ‘शुभकाळ’ आलेला होता. फक्त जाहीर करायचा राहिला होता. तो जाहीर व्हायला १८५५ च्या आसपासपर्यंत थांबावे लागले. तेव्हा दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि पदार्थविज्ञानाचे पूर्ण प्राध्यापक झाले. हे पद मिळवणारे पहिले भारतीय. ठराव झाल्यापासून सुमारे २८ वर्षांनी. आणि ही प्रतीक्षा योग्यतेची होती असे मानणाऱ्यांनी पुढचा प्रसंग पाहावा.

१३/
१८५७ च्या सुमारास पुण्याच्या सरकारी संस्कृत कॉलेजाच्या, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजाच्या, प्राचार्यपदी एक इंग्रज आला : एडविन आर्नल्ड. वय पंचविशीचे. नुकता ऑक्सफर्डमधून बाहेर पडलेला, देशाची भाषा न जाणणारा. त्याला कोणी ‘सहाय्यक’ केले नाही. तो इथे येऊन संस्कृत शिकला, पुढे बुद्धचरित्रावर ‘लाइट ऑफ एशिया’ लिहून कीर्तिमान झाला. म्हणजे ज्याला प्राचार्य म्हणून आणले, तो खरे तर इथे विद्यार्थी होऊन गेला. बाळशास्त्र्यांना लायकी आधी सिद्ध करावी लागली आणि तरी पद दुय्यम. आर्नल्डला पद आधी आणि अभ्यास मागाहून. कोरियाचा ‘ई-२’ याहून वेगळे काय सांगतो?

१४/
इथे एक आक्षेप येईल : पण मग गिरगावकरांनीच इंग्रजीला डोक्यावर घेतले ना? अर्धवट खरे. १८४७ साली मुंबईच्या शिक्षण मंडळात जोरदार वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाच्या बाजूचे. त्यांच्या विरोधात उभे राहिले नाना शंकरशेट, ज्यांचा वाडा गिरगावात होता आणि एल्फिन्स्टनच्या उभारणीत ज्यांचा हात होता. त्यांचे म्हणणे असे की इंग्रजी जरूर शिकवा, पण सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोचेल. जर्व्हिस हा इंग्रज अधिकारी नानांच्या बाजूने होता. म्हणजे भाषेचा हा लढा गोरे विरुद्ध काळे असा कधीच नव्हता.

१५/
पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनचे विद्यार्थी आणि प्राध्यापक पॅटन यांनी मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापली. इंग्रजीतून शिकलेल्या या पोरांनी १८४९ मध्ये काय केले? मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या, आणि आपला वेळ काढून तिथे विनावेतन शिकवले. नाना शंकरशेटांनी आपल्या आवारात शाळेला जागा दिली. इंग्रजी ज्यांच्या हाती आली त्यांनी तिची शिडी केली आणि वर चढून ती ओढून घेतली, असा आरोप सरसकट करणाऱ्यांनी ही शाळा विसरू नये.

१६/
आता एका घराण्याकडे वळू. तर्खडकर. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले. भाऊ भास्कर पांडुरंगांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने इंग्रजीत पत्रे लिहून कंपनीच्या कारभाराची लक्तरे काढली. धाकटे आत्माराम पांडुरंग डॉक्टर झाले, आणि १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी राहिले. गिरगावात आज ‘प्रार्थना समाज’ हे बसथांब्याचे आणि चौकाचेही नाव आहे. तिथून रोज जाणाऱ्या कितीजणांना आत्माराम आठवतात?

१७/
दादोबांचे उदाहरण थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. मराठी ही त्यांची मातृभाषा होती. मातृभाषा असणे शिकवण्यास पुरेसे असते, तर त्यांना व्याकरण लिहिण्याचा खटाटोप कशाला करावा लागला असता? बोलणे आणि शिकवणे या दोन विद्या आहेत. बोलणाऱ्याला नियम ठाऊक नसला तरी चालते. शिकवणाऱ्याला नियम, अपवाद आणि शिकणारा नेमका कुठे अडखळतो ते, असे तिन्ही ठाऊक असावे लागते. यातली तिसरी गोष्ट स्वतः अडखळून शिकलेल्यालाच नीट कळते.

१८/
१८७८ साल. सत्येंद्रनाथ ठाकूर यांचा १७ वर्षांचा धाकटा भाऊ विलायतेला निघालेला. इंग्रजी बोलणे आणि तिकडचे रीतिरिवाज अंगवळणी पडावेत म्हणून त्याला मुंबईत आत्माराम पांडुरंगांच्या घरी ठेवले. मुंबईत तेव्हा इंग्रजांची वाण नव्हती. कॉलेजे, कचेऱ्या, चर्चे सगळीकडे साहेब होते. तरीही शिकवण्याचे काम सोपवले गेले ते आत्मारामांच्या कन्येकडे, अन्नपूर्णाकडे. ती काही वर्षांनी मोठी, आणि विलायत पाहून आलेली. विद्यार्थ्याचे नाव रवींद्रनाथ.

१९/
पुढे ज्याच्या इंग्रजी ‘गीतांजली’ने १९१३ चे नोबेल मिळवले, त्याला परदेशप्रवासाच्या तोंडावर इंग्रजी संभाषणाचे धडे एका मराठी मुलीने दिले. तिला त्याने ‘नलिनी’ हे नाव दिले. आपल्याकडे ही गोष्ट सांगितली जाते ती हळव्या प्रेमकथेच्या अंगाने. कवी कसा मोहरला, तिने काय म्हटले, त्याने काय लिहिले. त्या गोड धुक्यात मूळ वस्तुस्थिती हरवते : ती शिक्षिका होती. इंग्रजीची. आणि तिची मातृभाषा मराठी होती. तिच्या नावाला ‘प्रेयसी’ची झूल पांघरून आपण तिचा पेशाच पुसून टाकला.

२०/
अन्नपूर्णेने १८८० साली हॅरोल्ड लिटलडेल यांच्याशी विवाह केला. ते बडोद्यात शिकवत, म्हणजे परदेशात येऊन अध्यापनावर पोट भरणाऱ्या तरुणांपैकी तेही एक. १८९१ साली अन्नपूर्णा एडिंबरोत वारली. एकाच घरात दोन इंग्रजी शिक्षक होते. एकाच्या नावापुढे कॉलेज, पद, पगार लागला. दुसरीच्या नावापुढे फक्त एका कवीचे कुमारवय लागले.

२१/
उलट दिशेचा प्रवासही पाहावा. दादाभाई १८५५ साली व्यापारासाठी लंडनला गेले आणि १८५६ पासून सुमारे दहा वर्षे युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक राहिले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकतही होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. परदेशात राहावे, शिकावे, शिकवून आपला भार उचलावा. आजचे तरुण ज्याला नवी जीवनशैली म्हणतात ती रमाबाई तेव्हाच जगल्या.

२२/
पण त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, असा प्रश्न निघताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंच्या पत्रव्यवहारात हा सारा संघर्ष नोंदलेला आहे. संस्कृत ही काही चेल्टनहॅममध्ये कोणाची मातृभाषा नव्हती, आणि रमाबाईंच्या तोडीचा संस्कृतज्ञ तिथे दुसरा नव्हता. तेव्हा मुद्दा भाषेच्या ज्ञानाचा नव्हताच. वर्गापुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाच्या देहाला द्यायचा, हा होता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले ते हा अनुभव गाठीशी बांधून.

२३/
तर्खडकर हे नाव पुढे एका पुस्तकालाच चिकटले : तर्खडकर भाषांतर पाठमाला. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घरोघर इंग्रजी आली ती गोऱ्या मास्तरांच्या तोंडून आली नाही. ती या पाठमालेच्या पानांवरून आली. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी, पुन्हा उलट. आज तिची टिंगल होते. पण परळच्या एका चाळीत एका निवृत्त सुभेदाराने आपल्या मुलाकडून ती पुस्तके घोटून घेतली. सुभेदाराचे नाव रामजी सकपाळ. मुलाचे नाव भीमराव.

२४/
परळच्या दाट वस्तीत, एका खोलीच्या बिऱ्हाडात, लष्करी शाळेत मास्तरकी केलेल्या बापाने मराठीच्या आधाराने मुलाला इंग्रजी दिली. त्याच इंग्रजीत पुढे कोलंबिया आणि लंडनचे प्रबंध लिहिले गेले, ‘जातिसंहारा’चे १९३६ सालचे न दिलेले भाषण लिहिले गेले. ‘मातृभाषिक’ शिक्षकाविना इंग्रजी कच्ची राहते म्हणणाऱ्यांनी आंबेडकरांच्या इंग्रजीतली एक चूक काढून दाखवावी आणि मग बोलावे.

२५/
मात्र इथेच हा थ्रेड आपल्या अंगणाकडेही वळतो. याच भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायची होती. मिळाली नाही, फारसी घ्यावी लागली. कारण? जन्म. १९१८ साली ते सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी पाण्याच्या भांड्याला शिवू नये अशी हरकत सहकारी प्राध्यापकांपैकी काहींनी घेतली. ‘शुभकाळ’ इंग्रजांनी लांबवला, तसा आपल्यातल्या वरच्यांनी खालच्यांसाठी लांबवला. जन्मावरून विद्येचा हक्क ठरवणे हे पाप व्हिसाच्या अर्जात दिसते तेव्हा संतापणाऱ्याने ते आपल्या इतिहासातही ओळखावे. एकाला माफ करून दुसऱ्याला शिव्या देता येत नाहीत.

२६/
परळ-लालबागमध्ये गिरण्यांची वस्ती वाढली तशी रात्रशाळांची गरज वाढली. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालवली. दादरला १९१७ साली इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या शाळेला नाव होते किंग जॉर्जचे, जी आज राजा शिवाजी विद्यालय म्हणून ओळखली जाते. नाव सम्राटाचे असले तरी फळ्यासमोर खडू घेऊन उभा राहणारा मास्तर इथलाच होता. मुंबईची इंग्रजी अशा हजारो अनाम मास्तरांनी घडवली. त्यांचे पुतळे नाहीत.

२७/
१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे चित्र पालटले. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. बापाला साच्यावर उभे राहायला इंग्रजी लागत नव्हती; मुलाला त्याच जमिनीवरच्या कचेरीत शिरायला ती लागते. म्हणून ‘इंग्रजी कोण शिकवणार’ हा प्रश्न लालबागमध्ये चैनीचा नाही. तो पोटाचा आहे. आणि त्या पोटाच्या प्रश्नावर ‘फाडफाड इंग्रजी’ विकणारे क्लास एकच भीती विकतात : तुझा उच्चार मराठी आहे, म्हणून तू कमी आहेस.

२८/
या भीतीला विद्वत्तेचा मुलामाही मिळालेला आहे. १९६१ साली युगांडातल्या मकरेरे येथे इंग्रजी अध्यापनावर एक परिषद झाली. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जिची ती मातृभाषा आहे अशी व्यक्ती, हे सूत्र तिथून रूढ झाले. रॉबर्ट फिलिप्सन या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९९२ साली ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’ या पुस्तकात त्या सूत्राला उघड भ्रम म्हटले. जगात आज इंग्रजी बोलणाऱ्यांत बहुसंख्यांची ती मातृभाषा नाही. तरीही जाहिरातीतली अट जागची हललेली नाही. कारण ती बाजाराला सोयीची आहे. गोरा चेहरा फलकावर छापता येतो. व्याकरणाची जाण छापता येत नाही.

२९/
शंका उरली असेल तर एक साधी कसोटी. लालबागमध्ये जन्मलेला प्रत्येक माणूस मराठीचा ‘मातृभाषिक’ आहे. मार्केटातला मसालेवाला, मंडळाचा कार्यकर्ता, बेस्टचा वाहक. सगळ्यांची मराठी अस्सल, ठसकेबाज. पण दादरची कोणती शाळा त्यांना तेवढ्यावर दहावीचा मराठीचा वर्ग देईल? एकही नाही. डी.एड. दाखवा, बी.एड. दाखवा म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. मराठी शिकवायला जन्म पुरत नाही, तर इंग्रजी शिकवायला तो कसा पुरतो?

३०/
उच्चाराचे काय, असे विचारले जाईल. कोणाचा उच्चार? ग्लासगोचा, डब्लिनचा, टेक्ससचा की जोहान्सबर्गचा? सातही देशांचे उच्चार एकमेकांशी जुळत नाहीत. तरी त्यांपैकी प्रत्येक चालतो आणि मुंबईचा चालत नाही. जो नियम सात वेगवेगळ्या गोष्टींना शुद्ध आणि आठवीला अशुद्ध म्हणतो, तो उच्चाराचा नियम नसतो. तो पासपोर्टाचा असतो.

३१/
याचा अर्थ परदेशी तरुणांनी कुठे जाऊन शिकवू नये असा नाही. हॉल, फॅरार आणि विल्सन यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते हेच : परक्या भूमीवर शिक्षक व्हायचे तर आधी तिथले शिष्य व्हावे लागते. उद्या लालबागचा तरुण सोलला किंवा साओ पावलोला गेला, तर हाच नियम त्यालाही लागू. तिथली भाषा शिकावी, तिथले मूल कुठे अडखळते ते पाहावे, मग शिकवावे. बाळशास्त्री आणि अन्नपूर्णा यांच्या गावचा माणूस याहून कमी दर्जाचा शिक्षक असू नये.

३२/
१८२७ च्या ठरावातला ‘शुभकाळ’ १८३४ सालीच येऊन गेला होता. १८७८ साली तो एका मराठी घरात सतरा वर्षांच्या पाहुण्याला इंग्रजी शिकवत बसला होता. पुढे तो परळच्या चाळीत कंदिलाखाली भाषांतराची पुस्तके घोटत होता. त्याची वाट पाहण्याचे आता काही कारण उरलेले नाही. जाहिरातीतली अट वाचून मान खाली घालणाऱ्या प्रत्येक तरुणाने एवढा इतिहास पाठ करावा, आणि अर्जातल्या ‘मातृभाषा’ या रकान्यात न लाजता, ठळक अक्षरात लिहावे : मराठी.

#मुंबईचा_इतिहास #गिरगाव #गिरणगाव #थ्रेड